कप्पी आणि सातवी ब

सातवीला कप्पी शिकवताना विहिरीचं उदाहरण देऊ नये. निदान घोडबंदर रोडवरच्या मुलांना तरी नाहीच. ‘बाई, पाणी ओढायचं कशाला? टँकर येत नव्हता का?’ याचं उत्तर पाठ्यपुस्तकात नाही.

मग मी त्यांच्याच बाल्कनीत शिरले. छताला टांगलेल्या कपड्यांच्या दांड्या सगळ्यांकडे असतात. दोरी ओढली की ओली चादर वर जाते, आणि नेमकी पाहुण्यांदेखत सुटली की धाडकन खाली येते. ही स्थिर कप्पी. जोर वाचत नाही, फक्त दिशा बदलते. वर उचलायच्या ऐवजी खाली ओढायचं. झेंड्याच्या खांबावरही हीच. ती 26 जानेवारीला कशी अडकते आणि तेव्हा पीटीचे सर पुटपुटत काय म्हणतात, हे मुलांनीच मला साभिनय सांगितलं.

चल कप्पी, म्हणजे ओझ्याबरोबर स्वतःही वर चढणारी, मात्र प्रयोगाशिवाय कोणी मानेना. जांभळी नाक्याजवळच्या हार्डवेअरवाल्याने विचारलं, ‘किती मजल्यांचं काम आहे?’ सातवीचा वर्ग आहे म्हटल्यावर त्याने पैसे कमी केले आणि वर कीव केली.

वर्गातल्या छताच्या हुकाला दोरीचं एक टोक बांधलं, दोरी कप्पीखालून घेतली, कप्पीला सहा किलोचं दप्तर लटकवलं (सातवीत शोधावं लागत नाही), दुसरं टोक ताणकाट्याला लावून वर ओढलं. काटा तीन किलोच्या जरा पुढे थांबला. ‘जरा’ म्हणजे घर्षण आणि कप्पीचं स्वतःचं वजन. पण त्यात कोणाला रस?

‘बाई, बाकीचे तीन किलो कुठे गेले?’

‘ते हुकाने पेललेत.’

‘म्हणजे छताने?’

सगळ्यांनी वर पाहिलं. पावसाळ्यात पोपडे सुटलेलं आमचं छत! पहिल्या बाकावरच्यांनी मुकाट्याने बाक मागे सरकवला.

मी घाईघाईने पुढचा मुद्दा घेतला. जोर निम्मा, पण दप्तर एक मीटर चढवायला दोरी दोन मीटर ओढावी लागते. काम तेवढंच. खिडकीजवळची मुलगी म्हणाली, ‘हप्त्यासारखं. हप्ता कमी केला की मुदत वाढते.’ तिच्या बाबांनी नुकताच कासारवडवलीला टू बीएचके घेतलाय.

‘आणि व्याज?’ मी विचारलं.

‘ते घर्षण, बाई.’

इथेच तास संपायला हवा होता. पण शेवटच्या बाकावरून हात वर झाला. त्याचा काका गोविंदा पथकात, अगदी खालच्या थराला.

‘बाई, 2012 ला ठाण्यात जय जवान पथकाने नऊ थर लावून गिनीज बुकात नाव नेलं ना?’

‘हो.’

‘आमच्या इथे हंडी क्रेनला कप्पी लावून दोरीने चढवतात.’

‘बरोबर.’

‘मग तीच दोरी सैल सोडली की हंडी खाली. काकाचा खांदा कशाला मोडायचा?’

हा प्रश्न विज्ञानाचा नव्हे, नागरिकशास्त्राचा आहे, असं सांगून मी खडू ठेवला. पुढचा तास नागरिकशास्त्राच्या सरांचाच होता. ते सर हल्ली स्टाफरूममध्ये माझ्याशी बोलत नाहीत.