उफ्फिझीत छोटा गट म्हणून विकायचं आणि पंचवीस माणसं हाकायची, हे थांबवा

स्मॉल ग्रुप म्हणजे माणसं किती? प्रश्न सरळ आहे. फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी गॅलरीची टूर विकणारे त्याचं सरळ उत्तर देत नाहीत आणि संताप तिथूनच सुरू होतो. जाहिरातीत वर ठळक अक्षरांत ‘छोटा गट’ आणि पार तळाशी बारीक अक्षरांत ‘जास्तीत जास्त २०’ किंवा ‘२५’. कुठे कुठे तर आकडाच नसतो. त्यात एकच फेरी दोन-तीन संकेतस्थळांवर वेगवेगळ्या नावांनी विकलेली असते. पैसे भरताना माणसाच्या डोळ्यांसमोर सात-आठ जण असतात, सकाळी चौकात पोचल्यावर एका झेंड्याखाली अख्खं वऱ्हाड उभं असतं. ही फसवणूक आहे. तिला दुसरं नाव देऊ नका.

माणसं वाढली तर बिघडलं कुठे, असं विचारणाऱ्यांना पिएरो देल्ला फ्रान्चेस्काच्या एका जोडचित्रापुढे उभं करायला हवं. उर्बिनोचा ड्यूक फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो आणि त्याची बायको बात्तिस्ता स्फोर्झा, समोरासमोर तोंड करून. एकेक फळी ४७ सेंटीमीटर उंच आणि ३३ सेंटीमीटर रुंद, म्हणजे घरातल्या मोठ्या तसबिरीएवढी. तिच्यापुढे पाच, फार तर सहा माणसं धड उभी राहू शकतात. ड्यूकचा उजवा डोळा भाल्यांच्या खेळात गेला होता, म्हणून चित्रकारानं त्याची डावी बाजू दाखवली. नाकाच्या मुळाशी ती विचित्र खाच, गालावरचे चामखीळ, बात्तिस्ताच्या गळ्यातले मोती, मागे धुक्यात विरत गेलेली दरी, हे सगळं हातभर अंतरावरूनच दिसतं. सातव्या माणसाला समोरच्याचं टक्कल दिसतं आणि पंधराव्याला मोबाइलची स्क्रीन.

आणि खरी गंमत तर या फळ्यांच्या पाठीवर आहे. त्या भिंतीला टांगलेल्या नाहीत. दालनात मधोमध काचेत उभ्या केल्या आहेत, कारण मागूनही रंगवलेल्या आहेत. मागच्या बाजूला दोघांचे विजयरथ. त्याच्या रथाला पांढरे घोडे, तिच्या रथाला एकशिंगी प्राणी. खाली लॅटिन ओळी कोरल्यासारख्या लिहिलेल्या. त्याच्याविषयी वर्तमानकाळात लिहिलंय आणि तिच्याविषयी भूतकाळात. बात्तिस्ता १४७२ साली वारली होती. एका क्रियापदाच्या काळात एवढं मोठं दुःख नोंदवलेलं आहे, ते दाखवायला काय लागतं? तीस सेकंद आणि फळीला वळसा घालण्यापुरती जागा. पण पंचवीस जणांना घेऊन वळसा घालायचा म्हणजे दालन तुंबतं, म्हणून गाइड तिकडे नेतच नाहीत. ‘फ्लॉरेन्सजवळचे श्रीमंत नवरा-बायको’ एवढं सांगून पुढे. असं करणाऱ्यांचा राग येणार नाही तर काय येणार?

वेळेचा हिशेब तर मांडूनच दाखवायला हवा. टूर ‘९० मिनिटांची’. ही ९० मिनिटं सुरू होतात चौकात, चित्रांपुढे नव्हे. नावं तपासणं, गाइडचं बोलणं ऐकायचे रेडिओ वाटणं, उशिरा येणाऱ्यांची वाट पाहणं, यात १५ मिनिटं जातात. आरक्षणाची तिकिटं ३ नंबरच्या दारावर घ्यायची आणि आत शिरायचं समोरच्या बाजूच्या १ नंबरच्या दारातून. मग सुरक्षा तपासणी, पाठीवरच्या मोठ्या पिशव्या आणि छत्र्या सामानघरात ठेवणं, गेली आणखी १० ते १५. त्यानंतर जिना. गॅलरी वरून सुरू होते. म्हणायला दोन मजले, पण छतं एवढी उंच की चढताना दम लागतो आणि वर पोचल्यावर मागे राहिलेल्यांसाठी थांबावं लागतं. शेवटी रेडिओ परत गोळा करायला पाच मिनिटं. हातात उरतात फार तर पन्नास. दालनं शंभराच्या आसपास. बारा चित्रं दाखवायची म्हटलं तर प्रत्येकी तीन मिनिटं आणि बाकीची चालण्यात. मग ‘उफ्फिझीचा संपूर्ण अनुभव’ कुठल्या तोंडानं लिहिता?

‘रांग टाळा’ हे दुसरं आमिष. आगाऊ वेळ आरक्षित केली की तिकीटखिडकीची रांग टळते, एवढाच त्याचा अर्थ. ते आरक्षण संग्रहालय स्वतःच कुणालाही देतं, तिकिटावर ४ युरो जास्त घेऊन. पूर्ण तिकीट २५ युरोचं आहे. सुरक्षा तपासणीची रांग मात्र कुणालाच टळत नाही, टूरवाल्यालाही नाही. जी गोष्ट ४ युरोत मिळते ती विशेष सोय म्हणून दुप्पट-तिप्पट पैशांत गळ्यात मारायची, आणि वर १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट असताना त्यांच्याकडूनही मोठ्यांच्या जवळपास पैसे घ्यायचे! दोन मुलांना घेऊन गेलेल्या कुटुंबाला हा भुर्दंड कशासाठी? गाइडच्या वेळेचे पैसे घ्या, ती मेहनत आहे. पण तिकिटाचे किती आणि गाइडचे किती हे पावतीवर वेगळं लिहा.

आता त्या रेडिओबद्दल. गळ्यात अडकवायची डबी आणि एका कानात अडकवायचा आकडा. चष्मा असला की तो आकडा बसत नाही, सारखा निसटतो. चॅनल एका घराने चुकला की शेजारच्या गटाचं स्पॅनिश कानात सुरू. बॅटरी अर्धी असलेली डबी मधेच बंद पडते आणि जास्तीची कुणाकडे नसते. जाड भिंतींमुळे दोन दालनं मागे राहिलात की आवाज खरखरत तुटतो. म्हणून वाटप होतानाच चौकात चॅनल तपासा, आवाज वाढवून बघा, शंका आली तर तिथल्या तिथे बदलून घ्या. स्वतःचे साधे वायरवाले इअरफोन बरोबर ठेवा, बऱ्याच डब्यांना ते चालतात. पण मूळ दुखणं वेगळंच आहे. रेडिओमुळे गाइडला मागे वळून बघायची गरजच उरत नाही. तो बोलत बोलत पुढच्या दालनात पोचतो आणि माणसं मागच्या चित्रापुढे उभं राहून पुढच्या चित्राबद्दल ऐकत राहतात. आठ जणांच्या गटात असं होत नाही, कारण तिथे कोण मागे राहिलं हे दिसतं.

बोलतात काय हेही ऐका. फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याची लफडी, विषप्रयोग, कट. बोत्तिचेल्लीच्या ‘व्हीनसचा जन्म’पुढे हमखास त्या काळची नावाजलेली सुंदरी सिमोनेत्ता व्हेस्पुच्ची हिची प्रेमकथा, की ती या चित्राची मॉडेल होती आणि चित्रकार तिच्यासाठी झुरत होता. सिमोनेत्ता १४७६ साली गेली. चित्र साधारण १४८५ चं. ती मॉडेल असल्याचा पुरावा नाही. पाच मिनिटं या दंतकथेवर जातात. हे चित्र कापडावर आहे आणि त्याच चित्रकाराचं ‘प्रिमावेरा’ म्हणजे ‘वसंत’ लाकडी फळ्यांवर, हा फरक सांगायला वेळ नसतो. व्हीनसच्या केसांत खऱ्या सोन्याच्या रेघा आहेत, थोडं बाजूला सरकलं की चमकतात, हे सांगायला नसतो. ‘प्रिमावेरा’ उजवीकडून डावीकडे वाचायचं हेसुद्धा सांगत नाहीत! उजव्या टोकाला निळसर वारा झेफिर, त्यानं धरलेली वनदेवी क्लोरिस, तिच्या तोंडातून निघणारी फुलं, मग तीच फुलं अंगभर ल्यालेली फुलांची देवी फ्लोरा, मधे प्रेमदेवता व्हीनस, पुढे तीन ग्रेस म्हणजे लावण्याच्या देवी आणि डाव्या टोकाला ढग हटवणारा देवांचा दूत मर्क्युरी. एका मिनिटात चित्र उलगडतं. तो एक मिनिट द्यायला काय जातं?

सगळ्यात जास्त जीव जळतो तो सुरुवातीच्याच एका दालनात. चिमाबुए, दुच्चो आणि जॉत्तो यांच्या तीन प्रचंड माता मरिया तिथे एकत्र आहेत. सुमारे १२८० ते १३०५ या पंचवीस वर्षांत युरोपची चित्रकला कशी बदलली, हे इतकं समोरासमोर इथे दिसतं. आणि याच दालनातून गटांना लगीनघाईनं पुढे ढकलतात, ‘या जुन्या धार्मिक मूर्ती, खरं रेनेसाँ पुढे आहे’ असं सांगून. अहो, पुढचं सगळं इथूनच निघालंय! दुच्चोचं चित्र साडेचार मीटर उंच. मरियेच्या निळ्या वस्त्राची सोनेरी किनार कशी वळणं घेत खाली उतरते ते नजरेनं धरा, आणि मग गुडघे टेकलेले देवदूत बघा: त्यांच्या गुडघ्यांखाली जमीन नाही, ते सोन्यात तरंगतात. चिमाबुएचे देवदूत सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना एकावर एक रचलेले. आता जॉत्तोकडे वळा. देवदूत खरोखर जमिनीवर गुडघे टेकून बसलेत. मरियेच्या वस्त्राखाली तिचे गुडघे आणि छाती जाणवते, तिला वजन आहे. बाजूला उभे असलेले संत सिंहासनाच्या नक्षीतल्या मोकळ्या जागांमधून दिसतात, म्हणजे पुढे-मागे असं काही तरी चित्रात आलंय. एवढं एकदा डोळ्यांना कळलं की नंतरचं प्रत्येक दालन आपोआप बोलायला लागतं. इथे दहा मिनिटं द्यायलाच हवीत. मिळतात दोन.

लिओनार्दोच्या ‘मरियेला देवदूताचा निरोप’ या चित्राचंही तेच. मरियेचा उजवा हात जरा लांब वाटतो. ते चित्र उजवीकडून, किंचित खालून पाहिलं की हात पुष्कळसा जागेवर येतो, कारण चित्र तशा कोनातून पाहायचं असावं असं अभ्यासक मानतात. पंचवीस जणांचा घोळका नेमका समोर मधोमध थांबवतात. बाजूला सरकायला जागाच नसते.

आपल्याकडच्या ‘युरोप दहा दिवसांत’ सहलींबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलावंच लागेल. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेलं असतं ‘फ्लॉरेन्स: उफ्फिझी, मायकेलअँजेलोचा डेव्हिड’. प्रत्यक्षात उफ्फिझीचं बाहेरून दर्शन आणि सिन्योरिया चौकातल्या पुतळ्यासोबत फोटो. तो पुतळा मूळ नव्हे. मूळ डेव्हिड १८७३ साली अकादेमिया संग्रहालयात हलवला, चौकातली प्रतिकृती १९१० पासून आहे. म्हातारे आईवडील आयुष्यभराची पुंजी खर्चून जातात आणि घरी येऊन सगळ्यांना सांगतात की डेव्हिड पाहिला. त्यांना हे न सांगणं हा अप्रामाणिकपणा आहे. पत्रिकेत ‘आतून, तिकिटासह’ असे शब्द नसतील तर ते बाहेरूनच आहे असं समजा आणि पैसे भरण्याआधी लेखी विचारा.

विचारायचंच असेल तर आणखीही विचारा. गटात जास्तीत जास्त माणसं किती, आकडा लेखी. आठच्या वर असेल तर सोडा. वेळ चौकापासून मोजता की दारातून आत गेल्यापासून? आत किमान अडीच तास हवेत. गाइडकडे परवाना आहे का? इटलीत सरकारी परवान्याशिवाय मार्गदर्शन करता येत नाही, बरोबर आलेल्या टूर मॅनेजरलाही नाही. खालचा मजला धरलाय का? जिना न झेपणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे, पण ती दारातच मागावी लागते, गट वर निघून गेल्यावर नव्हे. सोमवारी संग्रहालय बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट आणि आरक्षण नाही, म्हणून त्या दिवशी जाऊच नका. सकाळी सव्वाआठची पहिली वेळ मिळाली तर डोळे झाकून घ्या.

खालच्या मजल्याचा प्रश्न मुद्दाम विचारा, कारण बहुतेक टूर वरच संपतात. मायकेलअँजेलोची वर्तुळाकार ‘दोनी तोंदो’ (मरिया, जोसेफ आणि बाळ येशू) आणि रॅफेलची, घर कोसळून तुकडे झालेली आणि २००८ साली दुरुस्ती पूर्ण झालेली ‘गोल्डफिंचची मरिया’ दाखवली की डब्या गोळा करतात आणि म्हणतात, ‘आता तुम्ही हवा तेवढा वेळ थांबा.’ तोवर पाय मोडलेले, पोटात कावळे ओरडत असतात, मंडळी बाहेरचा बाण धरून सुटतात. बाहेर पडलं की त्याच तिकिटावर पुन्हा आत येता येत नाही. आणि वाटेतच, खालच्या मजल्यावर, काराव्हाज्जोची मेदुसा आहे, ग्रीक पुराणातल्या केसांच्या जागी साप असलेल्या राक्षसीचं छाटलेलं डोकं. सपाट फळीवर नाही, खऱ्या फुगीर ढालीवर. समोरून एकदा पाहायची, मग हळूहळू बाजूला सरकत पाहायची: तोंड उघडंच राहतं, मानेतून रक्ताच्या धारा सुटलेल्या, आणि ढालीवर रंगवलेल्या सावलीमुळे ते डोकं पुढे, हवेत आल्यासारखं वाटतं. तिच्यापुढून माणसं बाहेरची पाटी शोधत निघून जातात, कारण ती तिथे आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.