वळायला जागा हवी

संकटात छोट्या पर्यटन व्यावसायिकांनी कसं तगावं, याचे सल्ले देणारे बहुतेक जण महिन्याच्या महिन्याला पगार घेतात. म्हणे डिजिटल व्हा, नवं काहीतरी करा! माझी मामी दिवेआगरला घरगुती खोल्या चालवते. तिचं बघून माझं मत असं झालंय की, अडचणीत पटकन वळता येणं हे हुशारीपेक्षा डोक्यावर कर्जाचा हप्ता किती आहे यावर ठरतं.

या गावाने कमी पाहिलेलं नाही. १९९७ मध्ये पोफळीच्या वाडीत, म्हणजे सुपारीच्या बागेत, सुवर्णगणेश सापडला, माणसं यायला लागली, घरोघरी खोल्या निघाल्या. मार्च २०१२ मध्ये मूर्ती चोरीला गेली नि गर्दी ओसरली. त्यातून सावरतोय तोवर २०२० चं लॉकडाऊन, तेही ऐन सीझनच्या तोंडावर. एप्रिल-मे बुडाले की कोकणातल्या खोलीवाल्याचं वर्ष बुडालं.

मामीने वही उघडली आणि ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते त्या सगळ्यांना फोन लावले. "परत पाठवू, की पुढची तारीख धरू?" बहुतेकांनी तारीखच धरली. वर्षानुवर्षं तिच्या हातचे मोदक खाल्लेली माणसं ती! मग त्याच नंबरांवर आंबे, आंबापोळी, कोकमाचं आगळ सुरू झालं. मे महिन्यात एसटीनेही मालवाहतूक सुरू केली होती, पण मामीचा माल जायचा आंब्याच्या टेम्पोतून, ओळखीवर.

आणि मग ३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ आलं. पोफळी काडीसारख्या मोडल्या, नारळ उन्मळले, कौलं उडाली. आंबे-नारळांवर तरी निभेल म्हणावं तर वाडीच आडवी. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात. गावात कित्येक दिवस वीज नव्हती. वीज जोडायला बाहेरच्या जिल्ह्यांतून लाइनमन आले, त्यांना मामीने ताडपत्री घातलेल्या दोन खोल्या दिल्या. चुलीवर पिठलं-भात, वाटण पाट्यावर. पैसे फार नाही मिळाले, पण घर चालू राहिलं.

जवळच एकाने कर्ज काढून एसी खोल्या बांधल्या होत्या, वाडी तोडून. माणूस मामीपेक्षा हुशार, बुकिंग सगळं अॅपवर. पण गिऱ्हाइकांचे नंबर अॅपवाल्यांकडे, आणि आंबा-नारळ विकावा तर वाडी उरलेली नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते थांबवायची मुभा दिली खरी, व्याज मात्र चढत राहिलं. त्याला कुणी 'लवचीक व्हा' म्हणालं असतं तर त्याने काय करायचं होतं?

तरी आजही पर्यटन वाढवायचं म्हटलं की आधी खोल्या मोजल्या जातात. पाहुणेही कमी नाहीत, फोनवर पहिला प्रश्न 'स्विमिंग पूल आहे का?' समोर एवढा समुद्र असताना! वाडी राखून दोनच खोल्या काढणाऱ्याला स्वस्त कर्ज आणि पोफळीला परवडेल असा विमा मिळायला हवा, असं मला वाटतं. आणि दिवेआगरला जाणार असाल तर थेट घरी फोन करून बुकिंग करा. मामी मोदकांचा आकडा आदल्या दिवशीच विचारते, तेवढा सांगून ठेवा.