"अर्थ कळतो ना, मग राहू दे की!"

गोरेगावच्या आमच्या सॉफ्टवेअर ऑफिसात कोडच्या कमेंटमधलं, म्हणजे माणसांसाठी लिहिलेल्या टिपेतलं, स्पेलिंग सुधारून सहकाऱ्यांकडे रिव्ह्यूला पाठवलं की हेच ऐकावं लागतं. मग तो बदल तसाच पडून राहतो. डोकं फिरतं अगदी!

अरे, अर्थ माणसाला कळतो, सर्चला नाही. 'रिसीव्ह'मधल्या ई आणि आयची अदलाबदल झाली की शोधणाऱ्याला ती ओळ सापडतच नाही. डॉक्युमेंटेशनमधल्या कमांडमध्ये अक्षर चुकलं तर नवीन पोरं ती तशीच कॉपी करतात आणि एरर आला की आपलंच काहीतरी चुकलं म्हणून गप्प बसतात. विरार लोकलमध्ये चेंगरून आलेल्या मुलीची अख्खी सकाळ यात जाते. तिला कोण विचारतं?

आणि वेळेत न सुधारलेली चूक कायमची चिकटते. एचटीटीपीचा, म्हणजे ब्राउझर आणि वेबसाइटच्या संवादाच्या नियमांमधला, रेफरर हेडर घ्या. आपण कुठल्या पानावरून आलो ते सांगणारी ती ओळ. स्पेलिंगमधला एक आर गळला आणि १९९६मध्ये एचटीटीपीचे नियम मांडणाऱ्या आरएफसी क्रमांक १९४५ या दस्तऐवजात ते तसंच आलं. ब्राउझर आजही तेच पाठवतात, कारण आता बदललं तर जुनं सगळं मोडेल. नंतर आलेल्या रेफरर-पॉलिसी हेडरचं स्पेलिंग मात्र बरोबर. म्हणजे दोन्ही लक्षात ठेवायची!

कमेंट सुधारल्याने तर काहीच मोडत नाही. स्पेलिंगच्या चुका पकडणारं कोडस्पेलसारखं फुकट टूल कमिटच्या, म्हणजे बदल नोंदवण्याच्या, आधी चालवता येतं. तेही नको, म्हणे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटचा इतिहास उगाच वाढतो. वाढू दे! एका अक्षराचा बदल आहे, बघा आणि मुख्य कोडमध्ये मर्ज करा ना.