कॅलिपरवर स्प्रे मारून ब्रेक सुटतो का? त्या मेसेजचा समाचार

पावसाळा ओसरला, ऊस तोडायला लागला की कोल्हापुरातल्या पिकअपवाल्यांच्या मोबाइलवर एक मेसेज हमखास येतो. मजकूर थोडक्यात असा: पुढचं चाक तापतंय, गाडी एका अंगाला ओढतेय, म्हणजे कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर ब्रेकची पॅडं दाबणारा भाग) जाम झालाय. गॅरेजवाला नवा कॅलिपर गळ्यात मारेल. त्यापेक्षा चाक खोला, डब्ल्यूडी-४० किंवा डिझेल मारा, हातोडीचे दोन ठोके द्या, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांना ग्रीस भरा, पॅड दाबणारा पिस्टन आत ढकला. घाटात चाक तापलंच तर वरून पाणी ओता.

गॅरेजवाल्याबद्दलचा संशय अगदीच खोटा नाही. बऱ्याचदा नव्या कॅलिपरची गरज नसते, हे मलाही मान्य आहे. पण बाकीचा सल्ला ऐकून गुळाच्या रव्यांनी भरलेली गाडी गगनबावड्याहून करूळ घाटात घालायची म्हणजे कमाल आहे.

‘चाक तापलं म्हणजे कॅलिपर जाम’ इथंच पहिली गफलत. चाक बेअरिंगमुळे तापतं, ब्रेक ऑइलच्या रबरी नळीमुळे, म्हणजे होजमुळे तापतं, पेडलचा जोर ऑइलवर टाकणाऱ्या मास्टर सिलिंडरमुळेही तापतं. दोष कुठं आहे ते शोधायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, पण मेसेजमध्ये त्याचा पत्ताच नाही.

गाडी फिरवून आणा. ब्रेक धरल्याचं जाणवलं की सपाटीवर उभी करा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक उचलून खाली स्टँड द्या. चाक हातानं फिरत नसेल तर कॅलिपरवरच्या ब्लीडर निपलवर (ऑइल-हवा बाहेर काढायचा स्क्रू) नळी चढवा, तिचं टोक बाटलीत सोडा आणि निपल अर्धा आटा सैल करा. ऑइल जोरात बाहेर आलं आणि चाक सुटलं, तर कॅलिपर बहुधा निर्दोष आहे. लाइनीत प्रेशर अडकलंय. आता निपल आवळा, ब्रेक दाबून चाक पुन्हा जाम होऊ द्या आणि या वेळी मास्टर सिलिंडरवरचा पाइप जरासा ढिला करा. चाक इथं सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरचा, नाहीतर पेडलला प्ले, म्हणजे थोडी मोकळी चाल, ठेवलेला नाही. इथं सुटलं नाही, पण निपल सैल केल्यावर सुटत होतं, तर मधला होज गेला.

हा होज भल्याभल्यांना चकवतो. बाहेरून तो धडधाकट दिसतो. आतला थर मात्र फुगून सुटलेला असतो आणि झडपेसारखं काम करतो. पायाचा जोर मोठा, म्हणून ऑइल चाकाकडं जातं. पाय उचलल्यावर मागं ढकलणारा जोर अगदीच थोडा, म्हणून ते परत येत नाही. अशा गाडीला नवा कॅलिपर बसवला तरी चाक तापतच राहतं. तपासणी झाली की लाइनीतली एअर काढायला विसरू नका.

निपल सैल करूनही चाक हललं नाही, तरच कॅलिपर खोला.

आता स्प्रे आणि डिझेल. पिस्टनभोवती चौकोनी काटछेदाचं एक रबरी सील असतं. ब्रेक दाबला की ते पिस्टनबरोबर किंचित पिळतं आणि पाय काढला की मूळ आकारात येताना पिस्टनला मागं ओढतं. डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन मागं घ्यायला स्प्रिंग नसते, ते काम हे सीलच करतं. हे रबर बहुधा ईपीडीएम जातीचं असतं आणि खनिज तेलाशी त्याचं हाडवैर. डिझेल, पेट्रोल, इंजिन ऑइल, गंजाचा स्प्रे, काहीही लागलं तरी ते फुगतं. म्हणून स्प्रे मारल्यावर चार दिवस ब्रेक मोकळा वाटतो, माणूस मेसेज पुढं पाठवतो, आणि नंतर फुगलेलं सील पिस्टनला आणखी घट्ट धरतं. वर तो स्प्रे पॅडवर उडाला तर पॅड गेलंच. सील आणि पिस्टन पुसायला स्वच्छ ब्रेक ऑइल वापरा, डिस्कला ब्रेक क्लीनर.

पिनांना ग्रीस लागतं हे खरं, पण बेअरिंगमध्ये भरतो ते नाही. तापमान सोसणारं, रबराला न खाणारं सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस आणा. पिन ओढून काढा आणि उजेडात धरा. तपकिरी गंजाचा थर आणि त्यात एकाच बाजूला घासून चकाकणारी पट्टी दिसली, तर पिन वाकडी चालत होती. गंज काढा, खड्डे पडले असतील तर पिन बदला, पिनेवरचा रबरी बूट फाटला असेल तर तोही. ग्रीस बोटानं पातळ लावायचं. भोक गच्च भरलं तर आत हवा कोंडते आणि पिन बाहेर ढकलली जाते. बसवलेली पिन अंगठ्यानं सरकली पाहिजे. दोन पिना वेगवेगळ्या असतील तर अदलाबदल नको. आतलं पॅड झिजून पातळ आणि बाहेरचं जाड असेल, तर संशय आधी पिनांवरच घ्या.

‘पिस्टन आत ढकला’ हे अर्धवट. निपल सैल करून ढकला, म्हणजे तळातला गाळ मास्टर सिलिंडरकडं जाणार नाही. तरीही घट्टच असेल तर पिस्टन बाहेर काढून त्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर पिस्टन बाद. गुळगुळीत असेल तर सील किटवर भागतं. उद्यमनगरात हे काम नीट करणारी माणसं आहेत. आणि हातोडीनं सुटलेला पिस्टन पुढच्या ब्रेकला पुन्हा तिथंच अडकतो.

तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, बिडाच्या डिस्कला तडा जाऊ शकतो. खालच्या गिअरवर सावकाश जाऊन सुरक्षित जागी थांबा, निवू द्या.

ब्रेक ऑइलबद्दल मेसेजमध्ये अक्षरही नाही. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि त्याच पाण्यानं पिस्टनला आतून गंज चढतो. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० वर येते; डॉट ४ ची २३० वरून १५५ वर. लांब उतारावर चाक धरून राहिलं तर ऑइल उकळून वाफ होते आणि पेडल खाली जातं. साधारण दोन वर्षांनी ते बदला. २०१९ किंवा २०२१ सारखा पूर आला आणि गाडी पंचगंगेच्या पाण्यात बुडाली, तर ती बाहेर काढल्या काढल्या बदला. कुठलं घालायचं ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर छापलेलं असतं. तिथं डॉट ३ किंवा ४ असेल तर सिलिकॉनचं डॉट ५ त्यात घालू नका. आणि गेल्या दिवाळीत अर्धा वापरून फळीवर ठेवलेला डबा असेल, तर तोही ओतू नका.