वहिनींना कोणी फॉरवर्ड केलं?

लठ्ठ उंदरिणींच्या पिल्लांच्या लिव्हरमध्ये चरबी साठते, अशी बातमी नंद्याने ग्रुपवर टाकली तोपर्यंत ठीक होतं. ग्रुपवर कोण वाचतं? पण त्याने ती बंड्याच्या बायकोला वेगळी पाठवली. खाली स्वतः टाइप केलं, ‘वहिनी, बाळाच्या लिव्हरसाठी आतापासूनच काळजी घ्या’, आणि जोडलेले दोन हात. वहिनींना पाचवा महिना. वजनाचा विषय त्या घरात सासूबाई सोडून कोणी काढत नाही. बंड्या तेव्हापासून हॉलमध्ये सोफ्यावर झोपतोय.

शनिवारी अमृततुल्यसमोर आम्ही जमलो तर बंड्या चहाला हात लावेना.

“तुला काय गरज होती रे?”

“अरे, मी काय मनचं सांगतोय? जर्मनीतलं संशोधन आहे, बॉन युनिव्हर्सिटीचं. ‘नेचर’ नावाच्या सायन्सच्या मासिकात छापून आलंय. नेचर!” नंद्या ‘नेचर’ म्हणाला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बहुतेक महाबळेश्वर असावं. “आई लठ्ठ, की पोराचं लिव्हर फॅटी. सायन्स आहे बाबा. आता सायन्सला कोण काय करणार?”

इथे सांगायला हवं की नंद्या लिव्हर साफ करायची पावडर विकतो. म्हणजे विकत नाही, ‘मेंबर करून घेतो’. आमच्यातल्या तिघांना त्याने करून घेतलंय. पाटलाकडे त्याचे डबे अजून पडलेत, त्यातल्या एकात पाटलाची आई हळद ठेवते. त्यामुळे नंद्या लिव्हरबद्दल बोलू लागला की सगळ्यांचे हात आपोआप खिशाकडे जातात.

पाटलाने मात्र तो पेपर खरंच वाचला होता. पाटील सगळं वाचतो, इंजिनिअरिंगच्या पुस्तकांचा अपवाद सोडला तर. त्याने समजावून सांगितलं ते असं: लिव्हरमध्ये कुप्फर पेशी म्हणून राखणदार पेशी असतात. त्या गर्भातच तयार होतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. आईच्या अंगात तेव्हा जे चाललंय त्याची सवय त्यांना कायमची लागते. “सोसायटीच्या जुन्या कमिटीने नेमलेला वॉचमन बघ. कमिटी बदलली, नियम बदलले, तरी हा गडी येईल ते पार्सल वर पाठवतोच. तसं या पेशी लिव्हरच्या बाकीच्या पेशींना सांगत राहतात, घ्या चरबी, घ्या. उंदराच्या पिल्लांना जन्मानंतर साधं खाणं दिलं तरी लिव्हर फॅटी झालं. आणि त्या राखणदार पेशींमधला एक जीन काढून टाकला, तर झालं नाही.”

“म्हणजे मी बरोबर!” नंद्या.

“उंदराच्या बाबतीत,” पाटील म्हणाला. “तू उंदरांना पाठवायचं होतंस.”

“माणसांचंही आहे की! स्वीडनचं!”

स्वीडनचं आहे, हे खरं. पंचविशीच्या आतली मुलं, लिव्हरचा तुकडा काढून तपासलेली. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३० च्या वर असेल तर फॅटी लिव्हरची शक्यता तिपटीहून जास्त. २०२१ सालचं. पाटील म्हणाला की केसेस दीडशेच्या आसपासच होत्या, पण आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. बंड्याचा चेहरा अजून उतरला.

तेवढ्यात वैशाली आली. पॅथॉलॉजी लॅबमधून सुटून, स्कूटर तिरकी लावून, हेल्मेट नंद्याच्या मांडीवर ठेवून. विषय तिला एका वाक्यात कळला. नंद्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही, आणि तिथेच मला कळलं की आज मजा येणार.

“बंड्या, वहिनींचं वजन किती ते मला सांगू नकोस. जेवायला घरात काय असतं ते सांग.”

“आई म्हणते दोन जीवांची आहे, दोघांचं खा. सकाळी शिरा, तूप वेगळं. मग तिला डोहाळे लागतात म्हणून मी येताना वडापाव नेतो.”

“किती?”

“सहा.”

“ती किती खाते?”

बंड्या रस्त्याकडे बघायला लागला. पाटील म्हणाला, “डोहाळे दोघांनाही लागलेत.”

“आता ऐक,” वैशाली म्हणाली. “अमेरिकेत ओरेगनमध्ये माकडिणींवर केलेला प्रयोग आहे, २००९ चा. काहींना चरबीचं खाणं, काहींना साधं. चरबीचं खाणाऱ्यांच्या पोटातल्या पिल्लांच्या लिव्हरमध्ये तिप्पट चरबी. आणि त्या खाणाऱ्यांमध्ये जाड माकडिणी होत्या तशा बारीकही होत्या. बारीक आयांच्या पिल्लांचंही तेच झालं! मग पुढच्या गरोदरपणात त्याच माकडिणींचं खाणं बदललं. त्यांचं वजन उतरलं नाही, पण पिल्लांचं लिव्हर सुधारलं.”

“म्हणजे वजनाचा प्रश्नच नाही?” नंद्या.

“आहे रे, पण वजन मोजायला काटा पुरतो. खाणं मोजायचं तर लोकांच्या स्वयंपाकघरात डोकवावं लागतं. म्हणून सगळे बाईचं वजन मोजतात.”

नंद्याला हे झोंबलं. त्याने ठेवणीतला बाण काढला: “आमच्या आजीच्या काळात नव्हतं बुवा फॅटी लिव्हर.”

“तुझ्या आजीच्या काळात सोनोग्राफी नव्हती.”

बरं, पुण्यात राहून तरी हा विषय नुसता जाड बायकांचा म्हणून बोलू नये. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं बघतायत. वैशालीने त्यांचा तो प्रसिद्ध फोटो मोबाइलवर काढून दाखवला. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगात चरबी मात्र इंग्रजाच्या ९.१ टक्के आणि आपल्या माणसाच्या २१.२. गावातल्या आया किडकिडीत, बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. तरी आपल्या बाळांचं वजन घटलंय ते स्नायूंचं, चरबी जवळजवळ तेवढीच.

“हा लिव्हरचा अभ्यास नाही,” वैशाली स्वतःच म्हणाली, “पण बारीक आई म्हणजे सुटलो, असं आपल्याकडे समजू नये. काटा आपल्याला फसवतो.”

“आणि बाप?” बंड्याने हळूच विचारलं. माझ्या मते संध्याकाळचा सगळ्यात धाडसी प्रश्न तोच होता. विचारणाऱ्याच्या शर्टाचं खालचं बटण गेली काही वर्षं लागत नाही.

वैशाली याचीच वाट बघत होती. “फ्रेमिंगहॅम ऐकलंयस? अमेरिकेत १९४८ पासून एकाच गावातल्या घराण्यांच्या मागे लागलेत. त्यांनी आईबापांचा लठ्ठपणा आणि मुलांचं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरची ती रक्ततपासणी, ताडून बघितलं, २००८ मध्ये छापलं. बाप तरुणपणीच लठ्ठ झालेला असेल तर मुलांचं एसजीपीटी वाढलेलं सापडलं. आईच्या लठ्ठपणाशी तसा संबंध सापडला नाही.”

शांतता. मग पाटील खोकला. “एसजीपीटी म्हणजे लिव्हरमधली चरबी नव्हे. तो नुसता इशारा झाला.”

“बरोबर आहे. मग तू दर सहा महिन्यांनी तो इशारा माझ्याकडून फुकट का काढून नेतोस?”

पाटलाने चहात खारी बुडवली आणि ती अर्धी आत राहिली. त्यानंतर तो बराच वेळ खारी काढण्यात गुंतला होता.

“ही बातमी नंद्याने बंड्याला का नाही पाठवली?” वैशालीने आता पहिल्यांदा नंद्याकडे बघितलं. “पोट दोघांना आहे. एकाच्या पोटात बाळ आहे, दुसऱ्याच्या वडापाव.”

“अगं मी काळजीपोटी...”

“माझ्या मुलीच्या बारशाला पण काळजीपोटीच म्हणाला होतास ना? ‘वैशे, अजून एक आत राहिलंय की काय?’ घुगऱ्या खाता खाता.”

हे मलाही आठवत होतं. नंद्या म्हणाला तो विनोद होता. वैशाली म्हणाली हो, तेव्हा सगळे हसले होते, आणि तिने एकेकाकडे बघितलं. आम्ही सगळेच कुठे ना कुठे बघायला लागलो.

तिचा राग तेवढ्यापुरता नव्हता. ऑस्ट्रेलियात पर्थला मुलांना सतरा वर्षांचं होईपर्यंत पाहिलं, तिथे सहा महिने फक्त अंगावरच्या दुधावर राहिलेल्यांमध्ये फॅटी लिव्हर कमी होतं. “हेही मी वाचलं होतं. कायद्याने सव्वीस आठवडे रजा आहे, हेही वाचलं होतं. तेव्हाच्या माझ्या लॅबच्या मालकांनी दोन्ही वाचलेलं नव्हतं. दुधाचं दुकान बंद करून सुया टोचायला गेले मी. आता पोरीच्या लिव्हरला काही झालं तर त्या मालकांना फॉरवर्ड पाठवणार का कोणी?”

यावर कोणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं होतं असं मला वाटत नाही.

नंद्याने मात्र बोलायचं ठरवलं. “म्हणूनच मी म्हणतो, वहिनींना आपली पावडर सुरू करू. संपूर्ण आयुर्वेदिक. साइड इफेक्ट शून्य.”

“नंद्या,” वैशाली अगदी गोड आवाजात म्हणाली, “कोविडमध्ये गुळवेल पिऊन लिव्हर सुजलेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी छापून आणले, ते नाही वाटतं आलं तुझ्या ग्रुपवर? गरोदर बाईला तो डबा दिलास तर मी स्वतः तुला मेंबर करून घेईन. आमच्या फ्रीझरमध्ये.”

बंड्या तीन दिवसांत पहिल्यांदा हसला, आणि हसता हसता त्याने पॅटिस मागवलं. ते मागवल्याचं त्याच्या उशिरा लक्षात आलं. परत घ्यायला दुकानदार तयार होईना, मग त्याचे चार तुकडे झाले. नंद्याने दोन घेतले.

शेवटी ठरलं असं: वडापाव बंद, शिऱ्याचं सासूबाईंना बंड्याच सांगणार (पाटलाने यावर शंभर रुपयांची पैज लावली, सांगणार नाही म्हणून), आणि सोमवारी सकाळी बंड्या आणि नंद्या दोघांनी उपाशीपोटी लॅबमध्ये यायचं. बंड्याला फुकट, नंद्याला पूर्ण दर.

“उपाशीपोटी म्हणजे,” नंद्याने विचारलं, “पावडर चालेल ना?”

पाटलाच्या तोंडातला चहा थेट त्याच्याच बुलेटच्या सीटवर गेला. नवीन सीट कव्हर, परवाच घातलेलं. त्यावरून जे सुरू झालं त्यात लिव्हर, स्वीडन, माकडिणी सगळं वाहून गेलं. कव्हर कुठून आणलं, किती पडले, लुटलं तुला, माझा एक माणूस आहे, निम्म्यात करून देईल.

माणूस अर्थातच नंद्याचा होता. तोही मेंबर आहे.