‘३०५० म्हणजे ३०५०च’ म्हणणाऱ्या मेसेजवर ग्राफिक्स कार्ड घेऊ नका

बारावीचा निकाल लागला की गोव्यातल्या मराठी ग्रुपांवर एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांबद्दल (पीसीत गेम आणि थ्रीडीचं चित्र काढणारा भाग) एक मेसेज फिरू लागतो: ‘आरटीएक्स ३० सिरीजमध्ये फक्त नंबर बघा. ६ जीबी, ८ जीबी हा फरक नुसत्या मेमरीचा. जितके जीबी जास्त, तितकं कार्ड फास्ट. ३०५०ला पॉवरची वायर लागत नाही, कुठल्याही पीसीत बसतं.’ पेडण्यापासून काणकोणपर्यंत मुलं यावर विसंबून पैसे मोजतात, म्हणून हे सविस्तर.

‘फरक नुसत्या मेमरीचा.’ साफ चूक, आणि सगळ्यात महागात पडणारी. जानेवारी २०२२मध्ये आलेल्या ८ जीबीच्या ३०५०त २५६० कुडा कोअर (चित्राचं गणित करणारे छोटे भाग) आहेत, मेमरी बस (मेमरीकडे डेटा नेणारा रस्ता) १२८ बिटची, विजेचा खप १३० वॉट. फेब्रुवारी २०२४मध्ये त्याच नावाने ६ जीबीचं आलं: २३०४ कोअर, ९६ बिट, ७० वॉट. मेमरीचा वेग सेकंदाला २२४ जीबीवरून १६८वर घसरला. वॉट कमी, म्हणून बूस्ट क्लॉकही (कोअरचा वरचा वेग) १७७७ मेगाहर्ट्झवरून १४७०वर. हे सरळसरळ खालच्या पायरीचं कार्ड आहे. त्याला ३०५० हे नाव द्यायलाच नको होतं. ३०८०तही तेच: १० जीबीत ८७०४ कोअर, १२ जीबीत ८९६०. ३०६०त कोअर दोन्हीकडे ३५८४च, पण ८ जीबीवाल्यात बस १९२ बिटवरून १२८वर आणली.

‘जास्त जीबी, जास्त फास्ट.’ मग ३०६० टीआय ८ जीबी हे ३०६० १२ जीबीच्या पुढे कसं जातं? त्यात ४८६४ कोअर आणि २५६ बिटची बस आहे म्हणून. १२ जीबीचा उपयोग ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचा मोठा सीन किंवा एआय मॉडेल ८ जीबीत मावत नाही तेव्हा.

वायरीचं म्हणणं अर्धं खरं. कार्ड जिथे बसतं त्या मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, त्यामुळे ६ जीबीचं कार्ड त्यावरच चालतं. ऑफिसातून निघालेल्या जुन्या पीसीच्या एसएमपीएसला (वीज पुरवणारा डबा) ग्राफिक्सची वायरच नसते. तिथे हेच घ्यावं. फक्त कॅबिनेट स्लिम असेल तर लो प्रोफाइल (कमी उंचीचं) मॉडेल आणि छोटा ब्रॅकेट (कार्ड कॅबिनेटला स्क्रूने बसवायची पत्र्याची पट्टी) मागा. ८ जीबीला मात्र ६ किंवा ८ पिनची वायर लागतेच. मोलेक्सचा (जुनी चार पिनची वायर) स्वस्त कन्व्हर्टर लावून भागवू नका. पिन सैल बसली की तापते आणि प्लास्टिक वितळतं.

पणजीत घ्या की मडगावात, बिलावर जीबीसकट पूर्ण नाव लिहून घ्या. कार्ड लावलं की जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून ‘शेडर्स’ (म्हणजे कोअर) आणि ‘बस विड्थ’ हे दोन आकडे वरच्या आकड्यांशी ताडा. जुन्या कार्डाचं बायॉस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून नवं नाव दिलेलं असेल, तर बहुतेक वेळा तिथे नावाआधी ‘फेक’ असं दिसतं. सेकंडहँड कार्ड किनाऱ्यालगतच्या घरातलं असेल तर ब्रॅकेटचे स्क्रू आणि स्लॉटमध्ये जाणारी सोनेरी पट्टी उजेडात धरून बघा. नुसता मळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. हिरवट बुरा धरून पट्टी खाल्ली गेली असेल तर ते कार्ड स्वस्तातही घेऊ नका.