पारवा राहिला

मे महिन्यात मी शाळेच्या ग्रुपवर एका लोकरीच्या दुपट्याचा फोटो टाकला. धाकट्या भावाला बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला, त्याच्यासाठी विणलेलं. १६० टाके, सगळे सुलट, सहा रंगांचे सहा पट्टे, प्रत्येक पट्टा ४० ओळींचा. भराभर अंगठे आले. "हात आहे की मशीन", "तिकडे बरा वेळ मिळतो गं तुला" वगैरे झालं. मग दहावीला विज्ञानात पहिली आलेली आमची मैत्रीण, तिने लिहिलं, "सुंदर! पण पारवा राहिला गं."

तानापिहिनिपाजा. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. परदेशात राहून मी हेही विसरले, असं तिला वाटलं असावं. मी एक हसरा चेहरा टाकला आणि गप्प बसले.

जूनमध्ये पुण्याच्या प्राइड मोर्चाचे, म्हणजे समलैंगिक आणि ट्रान्स लोकांच्या मिरवणुकीचे फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकले. त्यावर ह्याच मैत्रिणीने लिहिलं, "आपला कुणाला विरोध नाही. घरात काय करायचं ते करावं. पण रस्त्यावर मिरवणूक कशाला?" खाली पुन्हा अंगठे. त्यातले निम्मे दुपट्याखालचेच.

मिरवणूक कशाला, हे साताऱ्यातून विचारायचं? जिथे गणपती येताना वाजत येतो आणि जाताना त्याहून मोठ्याने वाजत जातो? वरात निघाली की रस्ता बंद. कुणाचा पोरगा बारावी पास झाला तरी चौकात फ्लेक्स, त्यावर पोराच्या फोटोपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो जास्त. आपल्याकडे घरातल्या घरात होतं तरी काय? डोहाळजेवण नाही, साखरपुडा नाही, मयत तर नाहीच. चार लोकांत काही केलं नाही तर लोक "का केलं नाही" म्हणून विचारतात. आमचा विषय निघाला की मात्र सगळ्यांना एकदम घराच्या चार भिंती आठवतात.

आणि घरात म्हणजे कुठे? घरातच तर करता येत नाही.

आमच्याकडे प्राइडच्या दिवशी लोक हॉलिरूडला पार्लमेंटसमोर जमतात आणि रॉयल माइलचा चढ चढत वर जातात. (आमच्याकडे म्हणजे एडिनबरा. वर 'आपल्याकडे' म्हणाले तेव्हा सातारा. हे असं माझं होतं, सांभाळून घ्या.) आमचा विणकामाचा गट दर मंगळवारी लायब्ररीत बसतो, दहा-बारा बायका आणि एक निवृत्त प्लंबर. वय विचारू नये, पण मी त्यांच्यात पोरगी समजली जाते. हिवाळाभर आम्ही मुदतीआधी जन्मलेल्या बाळांसाठी टोपडी विणतो आणि वसंतात पताका. त्रिकोणी, सहा रंगांच्या, ॲक्रिलिकच्या. ॲक्रिलिक का, तर जूनमध्ये पाऊस ठरलेला, आणि भिजलेल्या शेटलंड लोकरीला ओल्या मेंढीचा वास येतो. मोर्चात बाबागाड्या असतात, कुत्री असतात, काही चर्चचे बॅनर असतात. बँका आणि सुपरमार्केटं आपापले लोगो रंगवून घुसतात, त्यांचा मला राग येतो. पण आमची प्लंबरसाहेबांनी बांबूला बांधलेली माळ पुढे निघाली की मला वारीतल्या पताका आठवतात. हे तिथे कुणाला सांगता येत नाही आणि इकडे सांगायची सोय नाही.

परदेशी खूळ, असंही एकीने लिहिलं होतं. तिला एवढंच सांगेन की 'बॉम्बे दोस्त' हे समलैंगिकांचं मासिक १९९०मध्ये मुंबईतून निघालं, पुण्यात 'समपथिक' ही संस्था २००२मध्ये उभी राहिली, मुंबईचा मोर्चा २००८ला ऑगस्ट क्रांती मैदानावरून निघाला. माझ्यासारख्या परदेशात बसून ज्ञान पाजळणाऱ्यांनी ह्यातलं काहीही केलेलं नाही.

परदेशी काय ते मी सांगते. विणायच्या सुया. आईच्या सुयांवर ८ नंबर छापलाय. साताऱ्यात आजही दुकानात "आठ नंबर द्या" म्हटलं की तीच सुई मिळते. इथे सगळं मिलिमीटरमध्ये, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. ते नंबर मूळचे इंग्रजांचेच, आणि नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हा उफराटा हिशेबही त्यांचाच. त्यांनी तो कधीच सोडला, आपण अजून जपून ठेवलाय. पहिल्या मंगळवारी मी चुकून "आठ नंबर" म्हणाले तेव्हा गटातल्या फक्त दोन म्हाताऱ्यांना कळलं. त्या माझ्याकडे माहेरचं माणूस भेटल्यासारख्या बघायला लागल्या.

समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची गत ह्या सुयांसारखीच. ज्या दंडसंहितेत ते १८६०मध्ये आलं तिचा पहिला मसुदा मेकॉलेच्या आयोगाचा, आणि हा मेकॉले पार्लमेंटात एडिनबराचा खासदार होता. इंग्लंडने १९६७मध्ये स्वतःचा असाच कायदा सैल केला. आपलं सर्वोच्च न्यायालय 'हा गुन्हा नाही' ह्या निकालापर्यंत ६ सप्टेंबर २०१८ला पोचलं. मधली एक्कावन्न वर्षं आपण आठ नंबरच मागत होतो.

आता हे लिहिताना मी एक चलाखी केली, तीही सांगून टाकते. १९६७चा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. इथे १९८०पर्यंत तो गुन्हाच होता. शाळांमध्ये समलैंगिकतेबद्दल बरं बोलायला बंदी घालणारं कलम १९८८चं. ते काढायचं ठरलं तेव्हा, २०००मध्ये, एका उद्योगपतीने स्वतःच्या खर्चाने पोस्टाने मतदान घेतलं. दहा लाखांहून जास्त लोकांनी "कलम राहू द्या" म्हणून मत पाठवलं. पन्नास लाखांच्या देशात. स्कॉटिश पार्लमेंटने तरीही ते काढलं. म्हणजे माझ्या शेजारच्या जिन्यात राहणाऱ्या, मला स्कोन आणून देणाऱ्या आजींनी तेव्हा काय लिहून पाठवलं असेल, हे मी विचारलेलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही. आमचं छान चाललंय.

ग्रुपवर 'तिकडे किती मोकळं' असं काही मी लिहिते तेव्हा ह्यातलं काही लिहीत नाही. रात्रीच्या बसमध्ये एकदा मागच्या सीटवरून काय ऐकू आलं होतं आणि आम्ही दोघींनी हात कसे सोडले होते, तेही नाही. उलट साताऱ्यात आम्ही गेलो होतो तेव्हा मोती चौकातून हातात हात घालून फिरलो. कुणी ढुंकून बघितलं नाही. दोन बायका हातात हात घालून चालल्यात, त्यात काय बघायचं? आईने माडीवरच्या खोलीत दोघींच्या गाद्या शेजारी शेजारी घातल्या, "मैत्रिणीला थंडी वाजेल" म्हणून घोंगडी दिली. तितकी निवांत झोप मला लीथमध्ये, एडिनबरातल्या आमच्या घरी, लागत नाही. आम्ही तिथे मोकळ्या नव्हतो, दिसत नव्हतो. पण न दिसण्यातही ऊब असते, हे मी कबूल करते.

तिला मराठीत काय म्हणायचं, हा प्रश्न वेगळाच. २०१७मध्ये आमचं नोंदणी लग्न झालं. इंग्रजीत मी "माय वाइफ" सहज म्हणते, डेंटिस्टकडे, टॅक्सीत. मराठीत "माझी बायको" हे दोन शब्द मी आजवर एकदाच मोठ्याने उच्चारलेत, स्वयंपाकघरात, कुणी नसताना. बाईच्या तोंडून ते वाक्य ऐकून माझं मलाच फसकन हसू आलं. आणि आईच्या बाजूने ती कोण? सून म्हणावं तर मुलगा कुठाय, जावई म्हणावं तर तिला जावयाचा मान म्हणून काय देणार, धोतरजोडी? आईने ह्या भानगडीत न पडता तिला एक इरकल दिली. मुंबईला उतरलो की आम्ही इमिग्रेशनच्या दोन वेगळ्या रांगांत उभ्या राहतो. २०२३च्या ऑक्टोबरात न्यायालयाने लग्नाचा प्रश्न संसदेकडे ढकलला. त्या दिवशी मी एक अख्खी बाही उसवली. मापात चुकली होती म्हणून, पण जरा जास्तच जोरात.

मिरवणूक कशाला, ह्याचं उत्तर मला आमच्या गटातल्या एका बाईने दिलंय, प्रश्न न विचारता. तिचा भाऊ १९८०च्या दशकात गेला. तेव्हा एडिनबरामध्ये एड्सने थैमान घातलं होतं. अमेरिकेत १९८७मध्ये गेलेल्यांच्या नावाच्या गोधड्या शिवायला सुरुवात झाली, प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, थडग्याच्या मापाचा. ब्रिटनमधली अशी गोधडी ह्याच शहरातून सुरू झाली. हिने भावासाठी तुकडा शिवला, त्याच्या कॉर्डरॉय पँटचे खिसे वापरून. खिसे का, तर तो नेहमी खिशात हात घालून उभा राहायचा. घरच्यांनी अंत्यविधीला कॅन्सर सांगितला होता. त्याचा जोडीदार शेवटच्या बाकावर बसला होता, कुणीतरी लांबचा मित्र असल्यासारखा. "चर्चमध्ये त्याचं नाव घेता आलं नाही, म्हणून मैदानात अंथरलं," एवढंच ती म्हणाली आणि पुढची ओळ मोजायला लागली.

मैत्रिणीला हे लिहावं असं वाटलं. लिहिलं नाही. ब्रिटनचा डायव्हर टॉम डेली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये प्रेक्षकांत बसून विणताना दिसला तेव्हा त्याचा फोटो ह्याच मैत्रिणीने ग्रुपवर टाकला होता. "बघा मुलींनो, सुवर्णपदकवाला पुरुष विणतोय!" पदक जिंकल्यावर तो काय म्हणाला होता? मी गे आहे आणि ऑलिंपिक विजेता आहे, हे सांगताना अभिमान वाटतो. ते कुणी लिहिलं नाही. मीसुद्धा नाही. मी लिहिलं होतं, "सुया बांबूच्या दिसतायत."

म्हणजे गप्प बसण्यात मी काही मागे नाही. अजून एक आहे, तेही काढते. पुण्याचा पहिला मोर्चा डिसेंबर २०११मध्ये निघाला. मी तेव्हा सुट्टीवर साताऱ्यात होते, गाडीने जेमतेम अडीच तास. गेले नाही. दुसऱ्या दिवशी पेपर हातात घेऊन ओट्याशी उभी राहिले आणि आईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "रस्त्यावर कशाला हे सगळं?" म्हणजे तिने मला काही विचारायला नको. आई बाबांचा बिनबाह्यांचा स्वेटर विणत होती. ती काही बोलली नाही. टाके मोजत होती, मध्ये बोललं की तिचा हिशेब चुकतो.

मैत्रिणीवर माझा एवढा राग का, ते इथे येऊन मलाच कळलं. तिने माझंच वाक्य माझ्या तोंडावर टाकलं होतं.

रंगांबद्दल मात्र तिला एक सांगायला हवं. १९७८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गिल्बर्ट बेकरने प्राइडचा पहिला इंद्रधनुषी झेंडा केला त्यात आठ रंग होते: गुलाबी, तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, फिरोजी, पारवा, जांभळा. गुलाबी गेला, कारण तेवढं गुलाबी कापड मिळेना. विणणाऱ्या कुणालाही हे कारण पटेल. हवा तो रंग संपलाय म्हणून अर्धवट पडलेले तीन प्रकल्प माझ्याच कपाटात आहेत. फिरोजी गेला, कारण पट्टे समसंख्येने हवे होते. आणि पारव्याच्या जागी साधा निळा आला. म्हणजे पारवा खरंच राहिला. विज्ञानात पहिली उगाच नव्हती आली.

जूनच्या शेवटी बारसं झालं. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायला मी हवी होते. रजा मिळाली नाही, असं सांगितलं. रजा होती. एकटीने जायचं नव्हतं आणि दोघींनी जायचं म्हणजे पुन्हा 'मैत्रीण'. चुलतबहिणीने कुर्र केलं, माझ्या वाटणीचे धपाटे तिने खाल्ले. मी दुपटं पाठवलं. लोकरीच्या बारा शेपट्या आत ओवून घेतल्या होत्या, मागची बाजू पुढच्यासारखी दिसेल इतक्या, कारण बायका उलटून बघणार हे मला माहीत होतं.

बघितलंच. वहिनीने रात्री फोनवर सगळं सांगितलं: घुगऱ्या किती उरल्या, कोण आलं नाही, पाळणा कुणी म्हटला. मग म्हणाली, "तुमच्या दुपट्याचं फार कौतुक झालं, ताई. मोठ्या मामींनी रंग मोजले. म्हणाल्या, सहाच कसे, इंद्रधनुष्यात सात असतात. तर आई लगेच म्हणाल्या, 'त्यात सहाच असतात.'"

"आई म्हणाली?"

"हो. मी तिथेच होते."

मी आईला फोन द्यायला सांगितला. आई फोनवर आली, जेवलीस का म्हणाली, तिला थंडी कमी झाली का म्हणाली. तिला म्हणजे कुणाला हे मी विचारलं नाही. मी म्हणाले, आई, ते दुपट्याचं... तर म्हणाली, लोकर मऊ आहे, पण पार्सलला किती पडले ते खरं सांग.